दुमडीतलं वजन

३ नोव्हेंबर, सोमवार

मुखवटा बसला. गेल्या आठवड्यात गरम पाण्यातून काढलेली प्लास्टिकची जाळी तोंडावर ओढली होती आणि ती गार होईपर्यंत मला तसंच झोपवलं होतं. आज त्याच जाळीने डोकं टेबलाला आवळून टाकलं. यंत्रवाला म्हणाला, काका, हलायचं नाही. हलणार कसा! इतकं तंग माप मी चाळीस वर्षांत कुणाचं घेतलं नाही. शिवणीत आम्ही थोडी माया सोडतो, माणूस बारीक होतो, जाड होतो. ह्यात काहीच सोडलेलं नाही.

किरणांसाठी तेहेतीस वेळा जायचं. सोमवार ते शुक्रवार. आज एक झाली. जिभेच्या मुळाशी गाठ आहे. मला ती दिसत नाही, ह्यांना दिसते.

नंतर वजन. आहाराचं बघणारी बाई लहानखुरी आहे, माझ्या मुलीहून लहान. तिच्या खोलीत काट्याशिवाय फारसं काही नाही. मी तिचं नाव काटेबाई ठेवलं आहे. म्हणाली, गाठीचं डॉक्टर बघतील. मला तुम्हाला तेहेतीस दिवस उभं ठेवायचंय. कोट काढा, बूट काढा, जाकीट राहू दे, गारठा आहे.

७१.४.

४ नोव्हेंबर

दर मंगळवारी सलाईनमधून औषध. शेजारच्या खुर्चीत एक ट्रकवाला, माझ्या दोन आठवडे पुढे. नाकात नळी. ती गालावर चिकटवून कानामागे नेली आहे, मी खडू ठेवतो त्या जागी. मला मास्तर म्हणतो. म्हणाला, मास्तर, आता टाकी नाकातून भरतात. चव नाही, पण गाडी बंद पडत नाही.

मी हसलो. नळीकडे बघवलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

मुलीचा फोन. ती तिकडे सकाळच्या घाईत, मी इकडे दिवस संपवून बसलेला. पहिला प्रश्न – किती भरलं, बाबा? म्हटलं एकाहत्तर. म्हणाली, छान. मग तिने तिकडच्या थंडीचं सांगितलं.

फोन ठेवून खाली दुकानात जाऊन बसलो. कापायच्या टेबलामागच्या भिंतीवर खडूचे आकडे अजून आहेत. हिचे, मुलीच्या आईचे. सहा वर्षं झाली. ५३, ५२, ५१, ५२, ५२, ५२, ५२. हिला गालाचा कॅन्सर होता. ती एकटीच जायची, दुकान बंद नको म्हणायची. परत आली की मी खडू घेऊन उभा – किती? तिसऱ्या आठवड्यात ५१ झालं तेव्हा मी दोन दिवस जेवलो नाही, मशीनवर बसलो नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा ५२. मग शेवटपर्यंत हललं नाही. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो.

आणि एका गुरुवारी ती जिन्यात बसली ती उठलीच नाही. चार दिवस नाकात नळी. पाचव्या दिवशी नव्हती.

तेव्हा वजनाचं मला कुणी सांगू नये. आणि नळीचं तर नाहीच.

१२ नोव्हेंबर

चहाला चव नाही. पाण्यालाही नाही! पाण्याला चव असते हे आज कळलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दोन दिवस किरणं नाहीत. दवाखान्यात जायचं नसलं की कुणाशीच बोलणं होत नाही.

हॉटेलवाल्यांचे पडदे पुरे करायला घेतले. हिच्या वेळचा एक नमुना सापडला. ती डावखुरी. तिची दुमड लांबूनही ओळखू यायची, टाके उलट्या बाजूला कललेले. गिऱ्हाइकाला कधी कळलं नाही. मला अंधारातही बोटाने कळतं.

१७ नोव्हेंबर

६९.८. तोंडात फोड. अंडं म्हणजे ओला कापूस. गिळताना डोळ्यांत पाणी येतं आणि समोर कुणी नसतं म्हणून पुसतही नाही.

बोलायला त्रास होतो. आजपासून चिठ्ठ्या. काटेबाईने रक्ताचा कागद पुढे केला. म्हणाली, काका, सूज खूप आहे.

मी लिहिलं – सूज? मी तर आटत चाललोय!

ती हसली. मग खुर्ची ओढून बसली आणि नीट सांगितलं. ही सूज बाहेरून दिसत नाही. गाठ, किरणं, तोंडातल्या जखमा – सगळ्यांनी मिळून अंगात एक धग लावलेली असते. त्या धगीला जळण लागतं. पोटातून मिळालं नाही की शरीर आपलेच स्नायू काढून जाळतं. भूकही मारतं. खाल्ल्याने धग विझत नाही, पण खाल्लं नाही तर घर जळतं. वजन फार उतरलं की जखमा भरत नाहीत, उपचारांत खंड पडतो, आणि खंड पडला की फायदा गाठीचा. तिच्या हातात एवढंच आहे, म्हणाली. जळण पुरवायचं. दहा टक्के उतरलं तर ती नळी सुचवणार.

दहा टक्के म्हणजे चौसष्टच्या जरा वर. मापाचे हिशेब मला तोंडी येतात.

मी हिचं लिहून दाखवलं. बावन्न, शेवटपर्यंत बावन्न. तरी गेली. मग तुमच्या आकड्यात काय आहे?

तिने कागद दोनदा वाचला. म्हणाली, असं सहसा होत नाही, काका. त्यांचं जेवण कसं होतं तेव्हा?

मला आठवेना. आकडे आठवतात. जेवण आठवत नाही. ती वरच्या खोलीत जेवायची, तोंड दुखतं म्हणून एकटी.

रागाने उठून आलो. काटेबाईला काय विचारायचा अधिकार!

१८ नोव्हेंबर

नर्सने फाईल बघून वजन मोठ्याने वाचलं, तक्त्यात बोट फिरवलं, मग औषध भरलं. ट्रकवाला म्हणाला, माणूस मोजून भरतात, मास्तर. माल बघून डिझेल.

२१ नोव्हेंबर

पंधरा झाल्या. घरी आलो, जिन्यात दोनदा बसलो.

२३ नोव्हेंबर, रविवार

काटेबाईने दिलेल्या पावडरीचं दूध केलं. चार घोट. उरलेलं मोरीत ओतलं. पेला लगेच विसळून ठेवला, जसं कुणी बघणार आहे.

मुलगी बोलत होती. मला बोलता येत नाही म्हणून आमचं ठरलं आहे – हो असेल तर फोनवर नखाने एकदा टकटक, नाही असेल तर दोनदा. म्हणाली, वजन ठीक ना? मी एकदा वाजवलं.

म्हणाली, सुटी मिळत नाहीये बाबा, पण उतरलं तर मी काहीही करून येते. म्हणजे तिची नोकरी जाणार. तिने एवढं मिळवलेलं सगळं.

खाली कापडाचे गठ्ठे तोलायचा काटा आहे. त्यावर उभा राहिलो. ६६.२.

कापायच्या टेबलाखाली शिशाच्या चकत्यांचा डबा. पडदा सरळ पडावा, वाऱ्याने उडू नये म्हणून आम्ही दुमडीत घालतो. डबा बराच वेळ मांडीवर घेऊन बसलो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

जाकिटाच्या अस्तरात तीन किलो. वाजू नयेत म्हणून चकतीगणिक टाके घातले. चांगलं काम झालं आहे. बाहेरून काही दिसत नाही.

६९.१. काटेबाईचा चेहरा उजळला. म्हणाली, काका, शाब्बास. एवढी सूज असून टिकवलंत!

बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते. पण बरं वाटलं.

२७ नोव्हेंबर

मुलीचा निरोप – ६९! किती मस्त बाबा!!

१ डिसेंबर

आणखी चकत्या घालाव्या लागल्या. ६९.०. चालताना खांदे ओढले जातात. आत माणूस कमी होतोय, बाहेर शिसं वाढतंय. बेरीज तीच.

काटेबाई आज हसली नाही. सूज आणखी वर गेली आहे, रक्तातली प्रथिनं खाली, आणि वजन तिथल्या तिथे. दोन वेळा काटा शून्यावर आणून बघितला. स्वतःशीच म्हणाली, माझंच कुठेतरी चुकतंय.

मी कोट चढवला.

२ डिसेंबर

नर्सने फाईल वाचली. एकोणसत्तर. तक्त्यात बोट फिरलं. पिशवी भरली.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हे औषध एकोणसत्तर किलोच्या माणसासाठी मोजलं आहे. तो माणूस खुर्चीत नाही. खुर्चीत मी आहे.

चिठ्ठीसाठी कागद काढला. पेन धरलं. सुई तोवर शिरेत गेली होती. काही लिहिलं नाही. थेंब थेंब सगळं आत घेतलं.

३ डिसेंबर

ट्रकवाल्याची तेहेतिसावी. अर्धा किलो वाढला म्हणे. नळी अजून पंधरा दिवस. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, जाकिटावरून. हात क्षणभर तिथेच थांबला. मग म्हणाला, मास्तर, ओव्हरलोड गाडी चढावर कळते.

कुणाला सांगितलं नाही त्याने. येत्या मंगळवारपासून ती खुर्ची रिकामी.

५ डिसेंबर, शुक्रवार

मुखवट्याने चहाडी केली.

नऊच्या नऊ बटणं लागली आणि तरी आत मान फिरली. यंत्रवाल्याने गालाजवळून बोट घातलं. मग दुसरं. म्हणाला, काका, दोन बोटं जातात. आम्ही मारतो तिथे लागणार नाही, भलतीकडे लागेल. टेबलावरून उतरवलं. आज किरणं नाहीत. नवं माप, नवा फोटो, नवा आराखडा – चार-पाच दिवस जातील.

खंड. तिने सांगितलेला तोच.

एवढी वर्षं मी लोकांना सांगत आलो, सैल झालं तर घेऊन या, आत टीप घालून देतो.

६ डिसेंबर

पाणी गिळवत नाही.

७ डिसेंबर

फोन वाजला. उचलला नाही.

८ डिसेंबर, सोमवार

मूत्रपिंडं कुरकुरताहेत असं डॉक्टर म्हणाले. औषध बंद. वजनाला हे औषध जास्त व्हायला नको होतं, म्हणाले, आणि काटेबाईकडे बघितलं. ती म्हणाली, काका, आज दवाखान्याचा झगा घालून बघू या.

पडद्याआड जाकीट काढलं, खुंटीला अडकवलं. झग्याची नाडी बांधतोय तोच धाड! खुंटी भिंतीतून उखडून जाकिटासकट खाली.

काटेबाई आत आली. जाकीट उचललं – उचलायला दोन हात लागले. काठावरून अंगठा फिरवला. तिला शिवणकाम येत नसावं, पण कळायला वेळ लागला नाही. आधी ते काट्यावर ठेवलं, मग मला उभं केलं.

जाकीट सहा आठशे. मी बासष्ट दोनशे.

ती रागावेल असं वाटलं होतं. स्टुलावर बसली. म्हणाली,

“आठवडाभर झोपले नाही मी. तुमचे कागद घेऊन बसायचे. सूज चढतेय, प्रथिनं उतरताहेत, वजन जागचं हलत नाही. वाटलं, मला हे काम येत नाही.”

मी लिहिलं – तुमचं चुकलं नाही.

“हे मला चार आठवड्यांपूर्वी लिहून द्यायचं होतंत, काका.”

दोन आठवड्यांपूर्वी. पण ते लिहिलं नाही.

मग नळीचं. उशीर झाला आहे, पण हातातून गेलेलं नाही, म्हणाली. हळूहळू सुरू करावं लागेल, उपाशी शरीराला एकदम दिलं तर तेही झेपत नाही. पण नऊ किरणं राहिली आहेत आणि ह्या अंगाने ती होणार नाहीत. पुन्हा खंड पडला तर मग कुणीच काही सांगू शकत नाही.

मी लिहिलं – नको. हिलाही घातली होती.

नकार असेल तर कागदावर सही लागते. केली.

तिने कागद घेतला. शनिवारी एक वाजेपर्यंत विभाग उघडा असतो, म्हणाली. विचार बदलला तर मला फोन करू नका, सरळ या.

९ डिसेंबर

जाकीट उसवलं. चकत्या डब्यात. एकशे छत्तीस.

मुलगी बोलली. वजन? मी वाजवलं नाही. बाबा? बाबा, आहात ना? एकदा वाजवलं. एवढंच खरं होतं.

१० डिसेंबर

नव्या मुखवट्याचं माप दिलं. यंत्रवाला वाईट वाटून म्हणाला, हा छान बसेल. लहान आहे, एवढंच म्हणायचं राहिलं.

सोमवारपासून परत सुरू, अंगात बळ असेल तर.

११ डिसेंबर

डब्यातलं दूध चमच्याने. नऊ चमचे. दहावा परत आला.

दुपारभर दुकानात बसलो. शटर अर्धं खाली. समोरून लोकांचे फक्त पाय दिसतात. कोण कुठे चाललंय, सगळ्यांना किती काम! पोस्टमनने वाकून आत बघितलं, म्हणाला, आहात होय. बंद आहे वाटलं. त्याच्याकडे बघून मान हलवली. आठवडाभरात दवाखान्याबाहेरचं पहिलं माणूस.

भिंतीवर ५२. मी काय चूक म्हणतोय? टिकलं होतं तिचं. तरी नळीनेच गेली. जे डोळ्यांनी बघितलं ते बघितलं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

थंडी हाडांत शिरली आहे. दोन पांघरुणं, कोट, तरी दात वाजतात. माझं जाकीट उसवून चिंध्या झालं आहे. अंगातलं सगळं सैल.

हिचं जाकीट आठवलं, कापूस भरून रजईसारखे चौकोन पाडलेलं, तिनेच शिवलेलं. आजारात अंगावरून काढायची नाही. गारठा म्हणायची. ती गेल्यावर मुलीने कपाट लावलं, मी पुढे गेलो नाही. तेव्हा ती म्हणाली होती, बाबा, आईचं जाकीट उचलवत नाही हो. मी म्हटलं, राहू दे, दुःखात असं होतं.

आता माझ्या अंगाला येईल. तिच्या मापाचा झालो आहे मी.

आज कपाटापर्यंत चालवत नाही. सकाळी काढीन.

१३ डिसेंबर, शनिवार

जाकीट उचललं आणि हात खाली गेला. हे वजन माझ्या हाताला ठाऊक आहे.

खालचे चौकोन उसवले. कापूस नाही. शिसं. आपल्याच डब्यातलं. बोट फिरवलं – टाके उलट्या बाजूला कललेले, चकतीगणिक एक, वाजू नये म्हणून.

काट्यावर ठेवलं. अकरा किलो.

शेवटी बावन्न नव्हतीच ती. मी खडू घेऊन उभा असायचो.

साडेअकरा झाले आहेत. एक वाजेपर्यंत उघडं असतं. दोन चिठ्ठ्या लिहिल्या. एक मुलीला फोनवर पाठवली – ६०.७, खरं. दुसरी खिशात आहे – नळी घाला.

तिचं जाकीट घालून निघालो. रिकामं. अगदी बसतं.